बर्फाचा भरवसा केवढ्याला पडतो?

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर जाहिरातींचा पाऊस पडायला लागतो. केदारकांठा अमुक हजारांत, ब्रह्मताल तमुक हजारांत, पाच दिवसांत गुलमर्गला स्कीइंग शिका. जेवण किती वेळा, एका तंबूत किती जण, सर्टिफिकेट मिळणार का, हे सगळं त्यात असतं. पण ज्या उतारावरून आपल्याला नेणार त्यावरचा बर्फ कोण तपासणार आणि तो धड नसला तर भरलेल्या पैशांचं काय होणार, याबद्दल चकार शब्द नसतो. जाहिरातीत न छापलेल्या या खर्चाचा हा हिशेब. आकडे बजेट मांडण्यापुरते अंदाजाचे आहेत, डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला आहे, आणि दर हंगामागणिक बदलतात. पैसे भरण्याआधी ताजा भाव लेखी मागून घ्या.

‘आम्ही कुठे गिर्यारोहक? आम्ही आपले साधे पर्यटक’ म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमस्खलनात सापडली, तेव्हा ती तयारीची माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्या अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले. तेही नवखे नव्हते. पण त्याच वर्षी ४ एप्रिलला गंगटोक-नथुला रस्त्यावर जे सात जण गेले ते गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेले पर्यटक होते. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, माणसं पंधराव्या मैलापर्यंत पोचली होती.

कोसळतं ते काय?

पैसे कशावर खर्चायचे हे कळायला आधी एवढं कळलं पाहिजे. हिवाळ्यात माणसं मारणारं हिमस्खलन बहुतेक वेळा लादीचं असतं. पश्चिमी विक्षोभाबरोबर (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेबरोबर) एका झडीत दोन-तीन फूट बर्फ पडतो, वारा तो धारेपलीकडच्या उतारावर नेऊन दाबून बसवतो आणि त्याची घट्ट लादी तयार होते. लादी स्वतः वाईट नसते, वाईट असतो तिच्याखालचा कच्चा थर. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ थंड, निरभ्र रात्रींत आतल्या आत बदलतो आणि त्याचे सुटे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे होतात. मुठीत घेतले तर साखरेसारखे बोटांतून गळतात. त्यांच्यावर लादी बसली की ती नुसती टेकलेली असते, धरलेली नसते. त्यात एका माणसाच्या वजनाची भर पडली की तडा जातो, तो क्षणात उतारभर पसरतो आणि सगळा उतार एकदम सुटतो. माणसं सापडलेल्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के प्रसंगांत ते सुटायला तीच माणसं किंवा त्यांच्यातलंच कोणी कारण झालेलं असतं. ही वाईट बातमी वाटते, पण ग्राहकाच्या दृष्टीने चांगली आहे. बरंचसं आपल्या हातात आहे, असाच त्याचा अर्थ.

हे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. त्याहून कमी चढावर बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून उभ्या कड्यावर तो मुळात साठून राहत नाही. पंचाईत अशी, की स्कीइंगला मजा येते तीही याच उतारावर. आपण स्वतः पंचवीस अंशांवर चालत असलो तरी डोक्यावरचा उतार पस्तीसचा असेल तर तो आपलाच प्रश्न आहे. नव्या ट्रेकरच्या ध्यानात हेच येत नाही. सह्याद्रीत वरून दगड येतो हे आपल्याला माहीत असतं, पांढऱ्याशुभ्र उताराची मात्र भीती वाटत नाही.

फुकटात मिळणारं आधी घ्या

डीआरडीओची चंडीगढची प्रयोगशाळा, डीजीआरई, हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे काढते. मनालीची जुनी ‘सासे’ संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. हे इशारे राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांमार्फत बाहेर येतात: अमुक जिल्ह्यात, तमुक मीटरच्या वर, पुढच्या २४ तासांत धोका एवढा. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, तेव्हा तो जिल्हा पाहायचा. उत्तराखंडासाठी चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग. हिमाचलात लाहौल-स्पिती, किन्नौर, चंबा. एक पैसाही लागत नाही. पण जिल्हा म्हणजे हजारो चौरस किलोमीटर. तुमच्या वाटेवरचा नेमका नाला सुरक्षित आहे की नाही हे त्या इशाऱ्यातून कळत नाही. इशारा नसला म्हणजे धोका नाही, हा अर्थ तर कधीच काढू नका.

दुसरी फुकट वस्तू म्हणजे उतार मोजणं. फोनमधलं कोनमापक ॲप चालतं. बर्फावर काठी आडवी टेकवा, तिच्यावर फोन ठेवा आणि आकडा वाचा. नुसत्या नजरेने उतार मोजणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, नजर खालून वर पाहताना वेगळं सांगते आणि वरून खाली पाहताना वेगळं.

तिसरी, कान आणि डोळे. पाय टाकल्यावर खालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि आसपासचा बर्फ किंचित बसला, पायापासून तडे धावले, किंवा शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावर आजचं ताजं स्खलन दिसलं, तर पुढे तपासायचं काही उरत नाही. परत फिरा. यात अपवाद मागणारा लीडर चांगला लीडर नव्हे.

बर्फातला खड्डा

‘आम्ही स्नो-पिट खणून बघतो’ असं काही कंपन्या अभिमानाने सांगतात. तो कसा खणतात ते एकदा जवळून पाहून ठेवा, म्हणजे खरं तपासणं आणि फोटोपुरतं खणणं यांतला फरक लगेच कळेल.

जिथून जायचं त्याच दिशेला तोंड असलेला, त्याच उंचीवरचा, पण लहान आणि खाली दरी नसलेला उतार निवडतात. मीटर-दीड मीटर खोल खड्डा खणून वरच्या बाजूची भिंत फावड्याने सरळ तासतात. मग त्या भिंतीत हात दाबत खाली यायचं. मूठ आत गेली तर थर अगदी मऊ. नाहीतर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. घट्ट थराखाली अचानक मूठ आत गेली की तिथे थांबायचं, तोच संशयित. मग ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल असा खांब करवतीने सुटा करतात, वर फावड्याचं पातं ठेवतात आणि हाताने थापटतात: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. मनगटाच्या चार-पाच थापांतच वरचा ठोकळा ड्रॉवरसारखा सपकन पुढे आला, तर त्या दिवसाचा बेत संपला. दुसरी चाचणी ९० सेंटिमीटर रुंद खांबाची. तिच्यात एका टोकाला थापटतात आणि तडा दुसऱ्या टोकापर्यंत पळतो का ते पाहतात. पळाला, तर हा थर उतारभरही पळेल.

याला अर्धा तास लागतो. करवत चार-सहा हजारांची, दाणे पाहायचं भिंग आणि पत्रा त्याहून स्वस्त. पण खड्डा एका जागेचं सांगतो. वीस पावलांवर वाऱ्याने लादी दुप्पट जाड बसवलेली असू शकते. म्हणून खड्ड्याचं ‘नको’ मानायचं, खड्ड्याचं ‘जा’ मात्र पुरेसं समजायचं नाही. ‘टेस्ट केली, सेफ आहे’ असं एका वाक्यात सांगणाऱ्याला विचारा: कोणत्या दिशेच्या उतारावर केली, कच्चा थर किती खोल होता, कितव्या थापेला सुटला? उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे.

तीन वस्तू, आणि एक महागडी चौथी

ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची घडीची लांब काठी) आणि फावडं. हा संच बर्फ ओळखायला मदत करत नाही, गाडलेल्याला शोधायला करतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचतात, अर्ध्या तासावर हा आकडा तिघांत एकावर येतो. तेवढ्या वेळात हिमालयात कुठलीही बाहेरची मदत पोचत नाही, म्हणजे वाचवणारे असतात ते आपलेच सोबती. म्हणून संच एकट्या लीडरकडे असून भागत नाही. दहा जणांत एकच ट्रान्सीव्हर असेल तर तो कोणालाच शोधू शकत नाही.

परदेशात चांगला तीन अँटेनांचा डिजिटल ट्रान्सीव्हर ३०० ते ५०० डॉलरला मिळतो, म्हणजे २६ ते ४५ हजार रुपये. भारतात मागवला तर वर कस्टम ड्युटी आणि जीएसटी. प्रोब चार ते आठ हजार. २४० सेंटिमीटरहून आखूड नको. फावडं तेवढ्यालाच, पण पातं धातूचं हवं, थिजलेल्या ढिगाऱ्यावर प्लास्टिकचं पातं वाकतं. संच मिळून ३५ ते ६० हजार धरा. वर्षाकाठी एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. गुलमर्गमध्ये संच भाड्याने मिळतो. दिवसाला हजार-दीड हजारांची तयारी ठेवा आणि हातात घेतल्याबरोबर तिथेच तपासा. बॅटरी नवी अल्कलाइन आहे का? पट्टे शाबूत आहेत का? एकाचा ट्रान्सीव्हर ‘सेंड’वर ठेवून दुसऱ्याने चाळीस पावलांवरून पकडून दाखवला का? सगळ्या कंपन्यांचे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे वेगवेगळे ब्रँड एकत्र चालतात. खिशातला मोबाइल त्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना ५०. फोनवरचं एखादं ‘अ‍ॅव्हलांच ॲप’ किंवा चावीला लावायचा ब्लूटूथ टॅग ट्रान्सीव्हरच्या जागी चालत नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून वापरलेला मागवणार असाल तर मॉडेल तपासा. पीप्स कंपनीची डीएसपी मालिका स्विचच्या खटक्यातल्या दोषामुळे २०२१ मध्ये परत मागवली होती. दहा वर्षांहून जुना तर घेऊच नका.

चौथी वस्तू म्हणजे एअरबॅग असलेली सॅक, ६० हजारांपासून सव्वा लाखाच्या वर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोठ्या हिमस्खलनात सापडलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण फुगा फुगलेल्यांत २२ वरून ११ टक्क्यांवर आलेलं दिसलं. म्हणजे ती निरुपयोगी नाही. पण त्याच अभ्यासात पाचातल्या एकाचा फुगा फुगलाच नाही, बहुतेक वेळा ओढायची कडीच ओढली गेली नाही म्हणून. झाडांवर किंवा खडकांवर आपटणाऱ्याला तर फुग्याचा फारसा उपयोग नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या-दुसऱ्या हंगामात हे पैसे प्रशिक्षणात घाला. घेणारच असाल तर गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते हे लक्षात ठेवा; विजेवर फुगणारी सॅक प्रवासाला सोपी.

शिकायचं कुठे?

उत्तरकाशी, मनाली, पहलगाम आणि दार्जिलिंगच्या संस्थांचे बेसिक कोर्स जवळजवळ महिनाभराचे असतात. अनुदान असल्यामुळे फी माफक, पण जागा महिनोन् महिने आधी भरतात आणि खरा खर्च महिनाभराच्या रजेचा. शिवाय हिमस्खलन हा त्यांतला एक भाग असतो, सगळा कोर्स नव्हे. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था स्कीइंगसाठी उत्तम.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचं इथे चांगलं जमतं. डेन्व्हर, सिॲटल, सॉल्ट लेक भागात हिमस्खलनाचा तीन दिवसांचा एआयएआरई लेव्हल १ कोर्स ५०० ते ८०० डॉलरला होतो. कॅनडात दोन दिवसांचा एएसटी १ साधारण २५० ते ४०० कॅनेडियन डॉलरला. त्या भागांत रोजचं हिमस्खलन पत्रक, पाच पातळ्यांच्या धोक्यासकट, फुकट वाचायला मिळतं. भारतातून गिर्यारोहणाला जाणाऱ्यांनी अ‍ॅव्हलांच कॅनडाचे फुकट ऑनलाइन धडे तरी करावेत. ते घरबसल्या होतात आणि नंतर कंपनीला काय विचारायचं ते कळतं.

माणूस आणि मोकळा दिवस

आता मुख्य खर्च. गुलमर्गचा गोंडोला १९९८ पासून कोंगडोरीपर्यंत आणि २००५ पासून अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९८० मीटरपर्यंत जातो. दोन्ही टप्प्यांचं तिकीट अलीकडे दोन हजारांच्या आसपास आहे. मधल्या मुख्य उतारावर स्की पॅट्रोलची नजर असते. हद्दीच्या दोरीपलीकडचं सगळं बॅककंट्री: तिथे कोणी धोक्याचा बर्फ आधीच पाडून ठेवत नाही, कोणी राखत नाही. तिकीट मात्र तेच, गोंडोला तोच, म्हणून लोकांना वाटतं की आपण अजून आवारातच आहोत. दोरी ओलांडायची तर गाइड घ्याच. स्थानिक गाइडला दिवसाला चार ते आठ हजार धरा. युरोपात आयएफएमजीए या गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बिल्ल्याचा गाइड ४०० ते ६०० युरो घेतो. पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही कागद मागा.

केदारकांठ्यासारखे ट्रेक सहा ते पंधरा हजारांत मिळतात. त्यांच्या वाटा मुख्यतः जंगलातून आणि धारेवरून जातात, म्हणूनच ते हिवाळ्यात चालतात. तिथे सहा आणि पंधरा हजारांतला फरक बहुतेक वेळा जेवणात नसतो, माणसांत असतो. एका लीडरमागे किती जण, त्याला वायरलेस आहे का, आणि वरून परत फिरायचा निर्णय त्याचा एकट्याचा की ऑफिसचा. हे तिन्ही व्हॉट्सॲपवर विचारा. फोनवर विचारलं तर पुरावा राहत नाही.

तरीही मला विचाराल, तर या सगळ्यात सर्वांत उपयोगाची वस्तू मोकळा दिवस आहे. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत घातक. वारा असेल तर जास्तही. तेवढं थांबलं की धोका बऱ्यापैकी उतरतो, खालचा थर जुना आणि कच्चा असेल तर मात्र नाही. आणि आपली पॅकेजं नेमकी थांबता येणार नाही अशीच बांधलेली असतात: शुक्रवारी रात्री निघा, पुढच्या रविवारी परत, सोमवारी ऑफिस. मधे झड आली की लीडरवर तीस जणांच्या परतीच्या तिकिटांचा दाब येतो. गुलमर्गमध्ये हंगामात एक जादा दिवस म्हणजे हॉटेल, जेवण धरून आठ-दहा हजार. ट्रेकच्या पायथ्याशी होमस्टेत दीड-दोन हजार. एअरबॅगच्या किमतीत असे कितीतरी दिवस येतात. दोन मोकळे दिवस धरून तिकिटं काढा, आणि परतीचं तिकीट शक्यतो बदलता येईल असं घ्या, थोडं महाग पडलं तरी.

विमा, फोन, तक्रार

विम्यात ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात का, उंचीची मर्यादा किती, दोरीबाहेरचं स्कीइंग चालतं का आणि हेलिकॉप्टरचा खर्च कोण भरणार, हे चार मुद्दे पॉलिसीच्या शब्दांत शोधा, एजंटच्या शब्दांत नको. हेलिकॉप्टर लाखांत जातं.

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिम चालत नाहीत. निघण्याआधी पोस्टपेड करा. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणं मात्र परदेशातून आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती भारतात बेकायदा आहेत, आणि गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अशाच उपकरणापायी पोलिसांकडे जावं लागलं आहे.

पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी वाचा. ‘खराब हवामान’ आणि ‘हिमस्खलनाचा धोका’ हे वेगळे लिहिलेत का? परतावा रोखीत की पुढच्या ट्रेकच्या कूपनात? अर्ध्या वाटेवरून लीडरने परत आणलं तर? जी कंपनी वरून परत आल्यावरही काही पैसे देते तिचा लीडर परत यायला कचरत नाही. सुरुवातीला ‘सर्व जोखीम माझी’ अशा कागदावर सही घेतात. ती सगळीकडेच घेतात, पण त्या सहीमुळे कंपनीच्या निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही.

फसवणूक झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी डेहराडूनची असली तरी पुण्याचा माणूस पुण्यात दाद मागू शकतो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, तेवढ्यावर बरीच प्रकरणं मिटतात. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षं. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लीडरबरोबरचे मेसेज आणि त्या दिवसाचा सरकारी इशारा, एवढं एका फोल्डरमध्ये ठेवा. इशारा त्याच दिवशी उतरवून घ्या, नंतर शोधत बसावं लागेल.